भूत शोधायला निघण्यापूर्वी

हॅरी प्राइस हा दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला इंग्लंडमधला सर्वांत गाजलेला भूतशोधक. आपल्या सामानाच्या पेटीत काय काय असतं, याची यादी त्याने छापूनच ठेवली आहे. पोलादी मोजपट्टी, थर्मामीटर, कॅमेरा, दारं-खिडक्या मोहोरबंद करायला फीत आणि शिशाची सीलं, पावलं वाजू नयेत म्हणून बुटांवरून चढवायच्या नमद्याच्या सपाता, बोटांचे ठसे उमटवायला ग्राफाइटची भुकटी, आणि कोणी बेशुद्ध पडलंच तर ब्रँडी. यादी नीट वाचली की ध्यानात येतं, ब्रँडीसकट यातली एकही वस्तू भुतासाठी नाही. सगळ्या माणसांसाठी आहेत.

घोस्ट हंटिंगचा छंद अलीकडे आपल्याकडेही रुजला आहे. नव्याने सुरुवात करणारा बहुतेक वेळा आधी यंत्रं मागवतो आणि मग जागा शोधतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी घर ओळखायला शिकावं, मग माणसाची साक्ष घ्यायला शिकावं. यंत्रं सर्वांत शेवटी. घेतली नाहीत तरी चालतं.

प्राइसचंच सर्वांत प्रसिद्ध प्रकरण घ्या. इसेक्स परगण्यातलं बोर्ली रेक्टरी हे पाद्र्याचं प्रशस्त घर १८६३च्या सुमारास बांधलेलं. बागेत जोगीण दिसते, घंटा आपोआप वाजतात, भिंतींवर अक्षरं उमटतात, असा बोलबाला. १९३७ साली प्राइसने ते वर्षभरासाठी भाड्याने घेतलं, ‘टाइम्स’मध्ये जाहिरात देऊन निरीक्षक गोळा केले आणि त्यांच्या हाती सूचनांची एक पुस्तिका दिली. वेळ लिहा, तापमान लिहा, दारं सील करा, अशा सूचना आजही कोणी जशाच्या तशा वापराव्यात. पण त्याच पुस्तिकेत या घरात आजवर काय काय घडलं म्हणतात तेही दिलेलं होतं. म्हणजे काय दिसायला हवं हे निरीक्षक घरात शिरण्याआधीच जाणून होते. १९३९मध्ये घर जळालं, १९४८मध्ये प्राइस गेला, आणि १९५६ साली तिघा संशोधकांनी सगळे कागद तपासून एक पुस्तक काढलं. त्यांनी उंदीर, घराची रचना, माणसांच्या खोड्या यांकडे बोट दाखवलं, आणि काही प्रकारांत तर खुद्द प्राइसवरच संशय घेतला. हे तिघेही ज्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चचे सभासद होते, ती संस्था १८८२पासून लंडनमध्ये याच विषयाला वाहिलेली आहे. म्हणजे निकाल घरातूनच लागला.

यावरून पहिला नियम असा, की सोबत नेणार त्यांतल्या निदान दोघांना जागेची गोष्ट सांगू नका. त्यांना कुठे काय वाटलं ते त्यांच्याकडून स्वतंत्रपणे लिहून घ्या.

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आणि एडिंबरामधल्या जुन्या तळघरांत असाच प्रयोग केला. निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. जिथे पूर्वीपासून ‘काहीतरी आहे’ असं बोललं जात होतं, तिथेच लोकांना विचित्र अनुभव जास्त आले. गंमत म्हणजे ज्यांना त्या जागांची ख्याती ठाऊक नव्हती त्यांनाही आले. संशोधकांना त्याचा संबंध उजेड, खोलीचा आकार अशा गोष्टींशी दिसला. तेव्हा गावकरी ‘त्या खोलीत बरं वाटत नाही’ म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. त्या खोलीत खरंच काहीतरी असतं, फक्त ते मोजपट्टीने सापडण्याजोगं असू शकतं.

आता घर ओळखायचं म्हणजे काय? सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. एखादी रात्र जागून काढा, दिवे बंद ठेवा, आणि जो आवाज येईल तो वेळेसह वहीत टिपा. दिवसभर तापलेलं लाकूड आणि पत्रा रात्री निवतो तेव्हा कडकड वाजतो. नळ झटक्यात बंद झाला की पाइपात ठोका बसतो. फ्रिज गुरगुरत सुरू होतो आणि हुंदका देऊन थांबतो. कौलारू घरात माळ्यावर कोणी चालतंय असं वाटलं तर आधी उदमांजर आठवावं. पडक्या वाड्यातून घशातून ओरबाडल्यासारखी किंकाळी आली तर गव्हाणी घुबड. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात कुजक्या फांद्या हिरवट उजळतात ती बुरशी असते, आणि कोकणच्या किनाऱ्यावर लाट फुटताना निळी चमकते ते सूक्ष्म जीव असतात. साधी रात्र कशी वाजते आणि कशी दिसते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला असाधारण रात्र ओळखताच येणार नाही.

साक्ष घेणं याहून अवघड. आपल्याकडची भुतं नाव-पत्त्यानिशी येतात, ही मोठी अडचण. पिंपळावर मुंजा, पाणवठ्यावर गिऱ्हा, रानात चकवा. त्यामुळे पिंपळाखाली काही हललं की साक्षीदार थेट ‘मुंजा दिसला’ म्हणतो, आणि प्रत्यक्षात डोळ्यांनी काय पाहिलं ते हरवून जातं. तुमचं काम ते परत मिळवण्याचं. किती उंच होतं? हललं की तुम्ही हललात? तेव्हा किती वाजले होते, हे तुम्हाला कसं कळलं? घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बोला, आणि भुताचं नाव तुमच्या तोंडून पहिल्यांदा जाऊ देऊ नका. छातीवर कोणीतरी बसलं, ओरडायचं होतं पण आवाज फुटेना, असं कोणी सांगितलं तर तेव्हा ती व्यक्ती झोपेतून नुकती जागी होत होती का, हे विचारा. मेंदू जागा झालेला आणि स्नायू अजून झोपेच्या पकडीत, ही अवस्था वैद्यकाला चांगली परिचयाची आहे. साक्षीदाराला खुळ्यात काढण्याचं कारणच नाही. त्याचा अनुभव शंभर टक्के खरा असतो.

चकव्याचं तर मला विशेष कौतुक आहे. रात्री वाट चुकलेला माणूस चालून चालून पुन्हा त्याच झाडापाशी येतो, ही गोष्ट आपल्या प्रत्येक गावात आहे. यान साउमान आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या एका जंगलात आणि ट्युनिशियातल्या वाळवंटात माणसांना सरळ चालायला सांगितलं आणि उपग्रहाच्या साहाय्याने त्यांची वाट नोंदवली. निष्कर्ष २००९मध्ये आले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ झाकोळलं की गोल फिरू लागली, आणि आपण गोल फिरतोय हे त्यांना कळलंही नाही. गावकऱ्यांचं निरीक्षण बिनचूक होतं.

यंत्रांविषयी थोडक्यात. विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा मीटर जुन्या वाड्यात हमखास वर-खाली होतो, कारण तिथली वायरिंगही वाड्याइतकीच थकलेली असते, आणि खिशातला मोबाइल त्यात भर घालतो. पिस्तुलासारखं दिसणारं इन्फ्रारेड थर्मामीटर हवेचं तापमान मोजतच नाही, समोरच्या पृष्ठभागाचं मोजतं; तेव्हा ‘हवेत थंड झोत सापडला’ हे त्यावरून म्हणता येत नाही. फोटोतले प्रकाशगोळे म्हणजे भिंगाजवळच्या धुळीवर पडलेला फ्लॅश. फ्रेडरिक युर्गेन्सन या स्वीडनमधल्या चित्रकाराला १९५९ साली पक्ष्यांच्या ध्वनिमुद्रणात मृतांचे आवाज ऐकू आले आणि तिथून रेकॉर्डर लावण्याची प्रथा वाढली. रेकॉर्डर जरूर लावा, पण कोणी खोकलं, खुर्ची सरकवली तर त्याच क्षणी मोठ्याने सांगा, म्हणजे नोंद राहील. आणि ऐकवताना ‘इथे “जा” म्हणतंय बघ’ असं आधी सांगू नका. सांगितलं की सगळ्यांनाच तेच ऐकू येतं.

प्लँचेटची वाटी फिरते ती बोटांनीच, आणि बोटवाल्याला ते कळत नाही. मायकेल फॅरडेने १८५३ साली टेबल हलवणाऱ्या बैठकांवर प्रयोग करून हे दाखवलं होतं. पडताळा घ्यायचा तर सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधा, मग अक्षरांचा कागद फिरवून ठेवा आणि उत्तरं वाचता येतात का पाहा.

दोन गोष्टी मात्र मनापासून तपासाव्यात. एक पंखे. विक टँडी हा अभियंता कोव्हेंट्रीतल्या प्रयोगशाळेत काम करत असताना त्याला अस्वस्थ वाटे, डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसे. एके दिवशी त्याने तलवारबाजीचं पातं व्हाइसमध्ये आवळलं आणि ते आपोआप थरथरू लागलं. नवा बसवलेला पंखा सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा नाद काढत होता. पंख्याची बैठक बदलली आणि आकृती गेली. हे त्याने १९९८ साली प्रसिद्ध केलं. पुढच्या प्रयोगांत असा ठळक परिणाम मिळालेला नाही, म्हणून ही शक्यता आहे, सिद्धांत नव्हे. दुसरी गोष्ट जिवावरची. १९२१ साली अमेरिकेतल्या नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात एका कुटुंबाची हकिगत छापून आली. पावलांचे आवाज, अंगावर दडपण, कोमेजणारी झाडं, आजारी मुलं. दोष निघाला बिघडलेल्या भट्टीतून घरभर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा. आपल्याकडच्या बंद न्हाणीघरातला गॅस गीझर हाच वायू सोडू शकतो. घरातल्या सगळ्यांचंच डोकं एकदम दुखत असेल तर आधी खिडक्या उघडा.

जागा निवडताना इतिहास वाचावा. शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला, आणि ‘काका, मला वाचवा’ ही हाक चांदण्या रात्री ऐकू येते म्हणतात. पण आतला बहुतेक वाडा १८२८च्या आगीत गेला. आज उभे आहेत ते दरवाजे, तट आणि जोती. ज्या दालनांतून नारायणराव धावले ती दालनंच राहिलेली नाहीत. राजस्थानातल्या भानगड किल्ल्यावरच्या पाटीचंही तसंच. सूर्यास्तानंतर प्रवेश बंद, म्हणजे सरकारनेही भूत मान्य केलं, असं लोक सांगतात. पुरातत्त्व खात्याच्या बहुतेक स्मारकांना हीच वेळ असते.

मालकाची लेखी परवानगी घ्या, पोलीस ठाण्यात कळवा. परवानगीशिवाय शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९खाली गुन्हा ठरू शकतो, आणि स्मशान-कब्रस्तानातल्या आगळिकीसाठी ३०१ वेगळं. कोकणात जाणार असाल तर आणखी एक. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात; तो त्यांचा देव आहे, तुमच्या छंदाचा विषय नव्हे. राखणदाराचंही तेच. एकट्याने कधीही जाऊ नये. पडक्या वाड्यात खरा धोका कुजलेल्या तक्तपोशीचा, कठडा नसलेल्या विहिरीचा आणि मण्यारीचा. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश इतका कमी दुखतो की कित्येकांना कळतच नाही. पायात बूट हवेत आणि हातात दोन बॅटऱ्या.

भानामतीच्या घरी मात्र नवख्याने पाऊल ठेवू नये. कपडे पेटतात, छपरावर दगड पडतात, जेवणात खडे निघतात, अशा घरांत अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गेली कित्येक वर्षं जात आले आहेत. ते यंत्र लावत नाहीत. एकेकाशी एकांतात बोलतात, आणि बहुधा घरातलीच एखादी पिचलेली, दाबून ठेवलेली व्यक्ती हे करत असल्याचं उघड होतं. तिचं नाव ते बाहेर फोडत नाहीत. तिचा त्रास कमी होईल असं पाहतात आणि प्रकार थांबतात. हे काम अनुभवाचं आहे. अशा घराचा पत्ता मिळाला तर तो कॅमेऱ्यासकट स्वतः न वापरता समितीच्या जवळच्या शाखेकडे द्यावा.

भुतं शोधत फिरणाऱ्याला एक दृश्य कधी ना कधी दिसण्याची शक्यता असते: अंगात आलंय म्हणून कुणाला साखळीने बांधलंय, मिरच्यांची धुरी दिली जातेय, छडीने मारलं जातंय. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली हे प्रकार करणाऱ्याला त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तिथे वही-रेकॉर्डर बाजूला ठेवा आणि ११२ला फोन करा.