तारेला ओवलेल्या पावत्या

इंदापूर तालुक्यात कालव्याच्या काठी माझ्या मामांचे घर होते. त्या घराच्या माजघरात तुळईला एक लोखंडी तार टांगलेली असे, आणि कारखान्याच्या वजनकाट्यावरून आलेली उसाची प्रत्येक पावती, गाडी रिकामी होऊन परतल्याबरोबर, मामांनी हातपाय धुण्याच्याही आधी त्या तारेच्या टोकात ओवली जाई. गळीत हंगाम सरेपर्यंत तारेवर वीतभर थर चढे; चुलीच्या धुराने खालच्या पावत्यांच्या कडा तांबूस होत, परंतु आत शाईने लिहिलेले टन आणि किलो स्पष्ट वाचता येत. एका वर्षी दोन खेपांचे वजन कारखान्याच्या खतावणीत चढलेच नाही. मामांनी रागाचा एक शब्द न काढता ती तार उतरवली, धोतराच्या सोग्याने धूळ पुसली आणि ती तशीच गट ऑफिसात नेऊन टेबलावर ठेवली. तासाभरात आकडे जुळले आणि पुढच्या पंधरवड्याच्या बिलात रक्कम जमा झाली. घरी परतताना ते एवढेच म्हणाले, "दप्तर त्यांचं असू दे, पावती आपली पायजे."

संगणकाच्या जाळ्यांचा आणि आज ज्याला क्लाउड म्हणतात त्या व्यवस्थेचा मागोवा घेताना मला हे वाक्य वारंवार आठवते. कारण जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी बारामतीच्या ऊसउत्पादकांचा दाखला साऱ्या जगापुढे ठेवला, आणि आमच्या कऱ्हा-नीरेच्या मुलखातील शेताची ओल, उसाची वाढ आणि रोगाची चाहूल आता दूरच्या यंत्रशाळांत साठवली व तपासली जाते, हे सर्वांना कळले. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने हा उपक्रम हाती घेतला. उपग्रहाची चित्रे, शेतात रोवलेले संवेदक आणि हवामानाची नोंद ही सर्व एकत्र होऊन, पाणी केव्हा द्यावे, खत कोठे टाकावे, हा सल्ला मराठीत शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. या उपक्रमाचा मला मनापासून अभिमान आहे. तथापि पारावर बसलेली वडीलधारी माणसे जेव्हा विचारतात, "हा हिशेब राहतो कुठं, आणि उद्या त्यांनी तो दिला नाही तर?", तेव्हा त्या प्रश्नाला अडाणीपणा म्हणून बाजूस सारणे मला अन्यायाचे वाटते. हा प्रश्न या मातीत जवळजवळ दोनशे वर्षे मुरलेला आहे.

ज्या जमीनमोजणीच्या व आकारणीच्या पद्धतीतून पुढे मुंबई इलाख्याची रयतवारी आणि कालांतराने आपला सातबारा उभा राहिला, त्या पद्धतीचा पहिला प्रयोग इंदापूर तालुक्यातच झाला. १८२० ते १८३० या दशकात ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांनी केलेली मोजणी मोठ्या परिश्रमाची होती, परंतु तिच्या नोंदी सदोष निघाल्या, आकारणी रयतेला पेलवेना, आणि जमिनी पडीक टाकून लोक निघून गेले. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्याने मोजणी केली व १८३६ मध्ये इंदापुरास नवी जमाबंदी लागू झाली. जमीन तीच, माणसे तीच, पाऊसही तोच. कागदावरचा आकडा चुकला म्हणून गावे ओस पडली, आणि तो सुधारला तेव्हा नांगर पुन्हा चालू लागले. दूरच्या दप्तरातील नोंद घरच्या चुलीपर्यंत पोहोचते, हा धडा इंदापूरने फार लवकर आणि फार महाग घेतला.

दुसरा धडा सुप्याचा. आमच्या कऱ्हाटी गावापासून हाकेच्या अंतरावर नसले, तरी बैलगाडीच्या वाटेने सुपे हे शेजारचेच गाव. १२ मे १८७५ रोजी, बाजारासाठी आसपासच्या गावांतून जमलेल्या रयतेने तेथे सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला, आणि तेथून दख्खनचा तो प्रसिद्ध उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. या उठावात लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता: कर्जरोखे, खतपत्रे, वह्या हाती पडल्या की त्यांची होळी करावी आणि जेथे त्या निमूटपणे स्वाधीन केल्या जातील तेथून परतावे, असे बहुतेक ठिकाणी घडले. याचे कारण उघड आहे. मूळ खत सावकाराच्या पेटीत, हिशेबाची वही सावकाराची, लिहिणारा हात सावकाराचा; ऋणकोच्या हाती मात्र अंगठ्याला लागलेली शाई सोडली तर काहीच नसे. किती फेडले आणि किती राहिले याचा पुरावा एकाच बाजूस साठला, म्हणून दुसऱ्या बाजूस जाळण्यावाचून मार्ग दिसेना.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झालेल्या या कायद्यातील तीन कलमे आज पुन्हा वाचण्यासारखी आहेत. शेतकऱ्याने भरलेल्या रकमेची लेखी पावती त्याला मिळालीच पाहिजे. वर्षाचा हिशेब त्याने मागितला तर तो उतरवून दिला पाहिजे. आणि त्याची इच्छा असेल तर पासबुकात तो हिशेब वेळोवेळी मांडला गेला पाहिजे. कायद्याने पेढी बंद केली नाही, दप्तर जप्त केले नाही. अस्सल दूर असले तरी नक्कल जवळ असावी, एवढेच त्याने ठरवले. मामांची तार ही त्याच परंपरेतील होती, हे मला फार उशिरा उमगले.

पुढे दप्तराची जागा घेणारा संगणक आपल्याकडे आला तो प्रथम महानगरांच्या प्रयोगशाळांत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा स्वदेशी संगणक कार्यान्वित झाला. त्या काळी यंत्र एक आणि वापरणारे अनेक, अशीच जगभर स्थिती होती. आणि १९६१ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी असे भाकीत केले, की टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा होईल. म्हणजे क्लाउडची कल्पना मुळीच नवी नव्हे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेट या अमेरिकी जाळ्यावरून पहिला संदेश गेला, १ जानेवारी १९८३ रोजी त्या जाळ्याने टीसीपी-आयपी हे सामायिक नियम स्वीकारले, आणि भिन्न जातींची यंत्रे एकमेकांशी बोलू लागली. भारतात १९८६ मध्ये अर्नेट या शिक्षण-संशोधनाच्या जाळ्याचा आरंभ झाला. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि तेथील आयआयटी यांनी त्यात अग्रभाग घेतला. आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले. दरम्यान घराघरांतील टेबलावर स्वतंत्र संगणक आले होते. म्हणजे साठेक वर्षांत हिशेब एकदा मध्यवर्ती यंत्रात गेला, तेथून माणसाच्या टेबलावर उतरला, आणि आता पुन्हा मध्यवर्ती यंत्राकडे निघाला आहे.

ग्रामीण महाराष्ट्राने या प्रवासात केवळ प्रेक्षकाची भूमिका घेतली नाही. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातील ७० गावे संगणकाच्या जाळ्याने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला, आणि उसाची नोंद, तोडणीची तारीख, वजनाची पावती यांसाठी सभासदाला कारखान्यापर्यंत पायपीट करण्याचे कारण उरू नये, हा त्याचा हेतू होता. पुढे त्याच खोऱ्यात मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील संदेशांनी तेच काम करून पाहिले, आणि ते कमी खर्चात साधले. बारामतीत विद्या प्रतिष्ठानने माहिती तंत्रज्ञानाची संस्था काढली. आयआयटी मुंबईच्या ‘आक्वा’ या सेवेतून, २००३ पासून, शेतकरी आपल्या भाषेत प्रश्न विचारी आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञ त्याचे उत्तर देत. डाळिंबावरच्या डागाविषयी एका गावाने विचारलेला प्रश्न दुसऱ्या गावाला वाचता येत होता, आणि माहिती एकाच्या पेटीत न राहता सर्वांच्या चावडीवर येत होती. त्या काळाची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ती हीच.

क्लाउड हे नाव मात्र अभियंत्यांच्या कागदावरून आले. जाळ्यांचे आराखडे काढताना ते टेलिफोनच्या यंत्रणेच्या जागी ढगाची आकृती काढीत. आत काय आहे याच्या तपशिलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही, असा तिचा अर्थ होता. २००६ मध्ये ॲमेझॉनने साठवण आणि संगणनशक्ती भाड्याने देण्यास सुरुवात केली, आणि त्या आकृतीचेच नाव धंद्याला मिळाले. २००८ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी या मार्गाने माणूस आपल्याच माहितीवरचा ताबा गमावील, असा इशारा दिला. तरीही प्रवाह थांबला नाही. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली भारतीय केंद्रे पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे उघडली, पुढच्या वर्षी ॲमेझॉनचे केंद्र मुंबईत आले, आणि जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक क्लाउडचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. ज्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात दोन दोन दिवस खोळंबावे लागे, तो घरबसल्या मिळू लागला. ही सोय लहान नव्हे, आणि जुन्या काळाच्या ओढीने ती नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

शिवाय हिशेब घरात ठेवल्याने तो सुरक्षित राहतो, हाही भ्रमच. कुलकर्ण्यांच्या माडीवर रुमालात बांधलेली किती दप्तरे वाळवीने खाल्ली, याची गणती नाही. आणि आमच्या भागातील एका सहकारी संस्थेचा संगणक मी स्वतः पाहिला आहे, ज्यात सात वर्षांची खतावणी होती आणि जो एका उन्हाळ्यात विजेच्या झटक्याने कायमचा मुका झाला. सचिव तो डबा मांडीवर घेऊन पुण्याच्या दुरुस्तीवाल्याकडे तीन वेळा गेले, आणि तिसऱ्या खेपेनंतर सभासदांच्या घरोघरी जाऊन पावत्या गोळा करीत बसले. ज्यांच्याकडे पावती होती त्यांचा हिशेब उभा राहिला. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना संस्थेच्या शब्दावर विसंबावे लागले.

परंतु मोठ्या यंत्रशाळांची कथा याहून तत्त्वतः निराळी नाही, हेही काळाने दाखवून दिले. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचे निमित्त होऊन मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतीय तेलकंपनीच्या ईमेलसेवा रोखल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, आणि त्यानंतर काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्रास आग लागली, आणि सरकारी सेवकांच्या सामायिक साठवणीतील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. तिची नक्कल अन्यत्र ठेवलेलीच नव्हती. पहिल्या प्रसंगी यंत्र परकीय कंपनीचे होते, दुसऱ्या प्रसंगी स्वदेशी सरकारचे. म्हणून खाजगी की सरकारी, देशी की विदेशी, या वादात मूळ प्रश्न हरवतो असे मला वाटते. मूळ प्रश्न सुप्याचाच आहे: एकाच जागी असलेले अस्सल, आणि ज्याचा हिशेब त्याच्या हाती नक्कल नाही.

आमच्या जिराईत पट्ट्यात आभाळ भरून येते आणि कित्येकदा तसेच पुढे निघून जाते. म्हणून जाणता शेतकरी ढग पाहून तिफण जुंपत नाही. तो शेतात उतरतो, हाताने माती उकरतो, ओल किती खोल गेली आहे ते बोटांनी चाचपतो, आणि मगच पेरणीचा विचार करतो. ढगावर त्याचा राग नसतो, त्याची त्याला नितांत गरज असते. परंतु खात्री मात्र तो मातीतून करून घेतो. क्लाउडविषयीची शंका मला या जातीची वाटते. ती वैराची नाही. ती जबाबदार माणसाची आहे.

युरोपीय संघाने सप्टेंबर २०२५ पासून लागू केलेल्या माहितीविषयक कायद्यात, एका क्लाउडसेवेतून दुसऱ्या सेवेत आपली माहिती घेऊन जाण्याचा ग्राहकाचा अधिकार मान्य केला आहे. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहितीचा गोषवारा मागण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा अधिकार नागरिकाला दिला. परंतु ती उचलून दुसरीकडे नेण्याचा अधिकार त्यात नाही. १८७९ च्या कायद्याने ज्याला पासबुक म्हटले, त्याची ही उणीव आहे, आणि ज्या प्रदेशाने तो कायदा घडवण्यास कारण दिले, त्या प्रदेशाने ती उणीव भरून काढण्याची मागणी प्रथम करावी, हे मला सर्वस्वी उचित वाटते.

तोवर आपल्या हाती आहे ते आपण करावे. शेतात संवेदक बसवताना करारनामा मराठीत मागावा, आणि उपक्रम बंद झाल्यास आपल्या शेताची माहिती आपणांस कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे त्यात लिहवून घ्यावे. सोसायटीने, दूध संघाने, ग्रामपंचायतीने आपल्या खतावणीची एक प्रत क्लाउडवर आणि एक स्वतःच्या कपाटात ठेवावी, आणि वर्षातून एकदा ती उघडून वाचता येते की नाही हे सभासदांसमोर तपासावे. सातबारा मोबाइलवर आला तरी एक उतारा छापून ट्रंकेत ठेवावा. मामा गेले, घर नव्याने बांधले गेले, तुळईच्या जागी स्लॅब आला. परंतु ती तार माझ्या मामेभावाने फेकली नाही. देवघराशेजारच्या खिळ्याला ती आजही टांगलेली आहे, आणि कारखान्याचा संदेश मोबाइलवर आला की तो तालुक्याला जाऊन त्याची छापील प्रत काढतो व तीत ओवतो.