कलावती आठवते, शशिकला का आठवत नाही?

सकाळची वेळ. अमरावतीच्या राजकमल चौकातील असो वा अकोल्याच्या टिळक रोडवरील, चहाच्या टपरीवर एकच वर्तमानपत्र पाच-सहा जणांत फिरत असते. धरणातील पाणीसाठा, कापसाचा भाव, मंत्रिमंडळाचा निर्णय या मथळ्यांवरून नजर भराभर सरकते. मग कुठेतरी एखाद्या माणसाचे नाव येते आणि बोट तेथेच थांबते. ‘कोनाचा व्हय हा?’, ‘कोन्या गावचा?’, ‘बाप काय करते त्याचा?’ असे प्रश्न सुरू होतात आणि चहा संपला तरी ते संपत नाहीत.

या सवयीला आपण सहजपणे भोचकपणा म्हणतो. अभ्यासक मात्र तिच्याकडे अधिक आदराने पाहतात. माणसे आपसात नेमके काय बोलतात, याची मोजदाद इंग्लंडमधील मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केली. मोकळ्या गप्पांतील सुमारे दोन तृतीयांश वेळ स्वतःविषयी वा इतर माणसांविषयी बोलण्यातच जातो, असे त्यांना आढळले. कोणावर विश्वास ठेवावा, कोणापासून सावध राहावे, हे माणूस या गप्पांतूनच शिकत आला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वऱ्हाडात तर चौकशी केली नाही, तर समोरचा नाराज होतो!

हे कुतूहल ज्या माणसावर स्थिरावते त्याचे काय होते आणि ज्याच्यावर स्थिरावत नाही त्याचे काय, हा प्रश्न मात्र गप्पांपुरता राहत नाही. त्याचे ठळक उदाहरण आपल्याच अमरावती विभागात आहे.

२२ जुलै २००८. अणुकराराच्या प्रश्नावरून लोकसभेत मनमोहन सिंग सरकारवरील विश्वासदर्शक ठरावाची चर्चा सुरू होती. खासदार राहुल गांधी बोलायला उभे राहिले आणि विजेची गरज सांगण्यासाठी त्यांनी विदर्भातील भेटीचा दाखला दिला. यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुक्यात असलेल्या जळका गावच्या कलावती बांदूरकर यांचे नाव त्या दिवशी देशाने प्रथम ऐकले. पतीने २००५ मध्ये आत्महत्या केलेली, पदरी मुलांचा मोठा परिवार आणि तरीही संसार सावरण्याची धडपड. विरोधी बाकांवरून अडथळे आले, गोंधळ झाला आणि त्या गोंधळातच हे नाव सर्वतोमुखी झाले. काही दिवसांतच जळक्याच्या वाटेला वाहिन्यांच्या गाड्या लागल्या. एका सामाजिक संस्थेने त्यांच्या नावे लाखो रुपयांची मदत दिली. ‘कलावती’ हा राजकारणातील एक शब्दच होऊन बसला.

त्याच भाषणात आणखी एका स्त्रीचे नाव होते, आणि तेही कलावतींच्या आधी. शशिकला. भूमिहीन, मजुरी करून पोट भरणारी आणि मुलांच्या शिक्षणाची स्वप्ने पाहणारी. तेच सभागृह, तोच वक्ता, तीच काही मिनिटे. आज हे नाव कोणाच्या ओठांवर आहे?

दोघींच्या दुःखाची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. परंतु एकीचे नाव टिकले आणि दुसरीचे विरले, यामागे मनुष्यस्वभावाचा एक धागा दिसतो. शशिकलेच्या वाट्याला आली होती ती एक स्थिती. गरिबी काल होती, आज आहे, उद्याही राहील, असे ऐकणाऱ्याने मनोमन गृहीत धरले. कलावतींची मात्र कथा होती. त्यात एक घटना होती आणि तिच्यापाशी ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न उभा राहत होता. कुतूहलाला उत्तरापेक्षा असा अर्धवट प्रश्नच अधिक आवडतो. त्यात सभागृहातील गोंधळाची भर पडली. जे नाव गाजते त्याच्याकडे आणखी कॅमेरे वळतात आणि कॅमेरे वळले की ते नाव आणखी गाजते.

आता याच विभागातील दुसरी नोंद पाहू. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांतील शेतकरी आत्महत्यांची आकडेवारी २००१ पासून विभागीय आयुक्त कार्यालयात ठेवली जाते. प्रकरण जिल्हा समितीपुढे जाते, ‘पात्र’ वा ‘अपात्र’ ठरते आणि पात्र ठरल्यास कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. पंतप्रधान डॉ. सिंग स्वतः विदर्भात येऊन गेले आणि १ जुलै २००६ रोजी वर्ध्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, तेव्हा हे आकडे पहिल्या पानावर होते. त्यानंतर दर महिन्याला आकडा येत राहिला. एकूण बेरीज वीस हजारांच्या पुढे गेली आणि बातमी आतल्या पानावर एका स्तंभात येऊ लागली. वाचक निर्दय झाला, असे म्हणणे सोपे आहे. ते खरे नाही. एखाद्या गुणी मुलीची फी भरायला पैसे नाहीत, अशी बातमी छायाचित्रासह छापली, की वृत्तपत्राच्या कार्यालयातील दूरध्वनी सकाळपासून वाजू लागतो. अंतःकरण तेच असते. आकड्यापुढे ते गप्प का होते, हे समजून घेतले पाहिजे.

अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६८ मध्येच हा पेच मांडला होता. शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे असलेल्या एका सहा वर्षांच्या मुलीची हकिकत सांगितली तर टपालाने देणग्यांचा पूर येईल. पण कर न वाढवल्याने रुग्णालयांची अवस्था बिघडून काही मृत्यू ओढवणार असतील, तर फारसे कोणी हळहळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन व पॉल स्लोव्हिक या अमेरिकी संशोधकांनी त्यावर प्रत्यक्ष प्रयोग केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागी व्यक्तींना त्यांनी पाच डॉलर दिले आणि त्यातून देणगी मागितली. एका गटाला आफ्रिकेतील माली देशातील रोकिया या सात वर्षांच्या भुकेल्या मुलीविषयी सांगितले. दुसऱ्या गटाला लाखो भुकेल्यांची आकडेवारी दिली. रोकियासाठी सरासरी २.३८ डॉलर मिळाले, आकडेवारीसाठी १.१४. येथवर नवल नाही. तिसऱ्या गटाला मात्र रोकियाची माहिती आणि आकडेवारी दोन्ही दिली. तेव्हा देणगी वाढली नाही, उलट १.४३ डॉलरवर आली!

मुलीच्या शेजारी लाखांचा आकडा येताच तिच्यासाठी पुढे झालेला हात मागे आला. प्रस्तुत बातमीदाराला हा निष्कर्ष वाचून झोप लागली नव्हती, कारण आम्ही वर्षानुवर्षे नेमके हेच करत आलो आहोत. एका कुटुंबाची व्यथा लिहायची आणि शेवटच्या परिच्छेदात ‘विभागात आतापर्यंत इतक्या आत्महत्या’ असे जोडून द्यायचे. त्याने बातमीचे वजन वाढते, अशी आमची समजूत होती.

आकडा मनाला का भिडत नाही, याचे स्पष्टीकरण फार गूढ नाही. एका माणसासाठी काही करता येईल, असे वाटते. हजारोंसाठी काय करणार, या विचाराने हात गळून पडतात. शिवाय एक हा आकडा मनाला दिसतो; वीस हजार आणि एकवीस हजार यांतील फरक कोणाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो? तो फरक म्हणजेही हजार घरे असतात.

आनंदाच्या बातमीतही मन चेहराच शोधते आणि मग त्याच्याशी नातेही जोडते. २५ जुलै २००७ रोजी प्रतिभाताई पाटील देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, तेव्हा खानदेशला त्या लेक म्हणून आपल्या आणि अमरावतीला सून म्हणून आपल्या. १९९१ मध्ये अमरावतीने त्यांना लोकसभेत पाठवले होते, हे सांगताना मत न दिलेलाही पुढे असे. १४ मे २०२५ रोजी न्या. भूषण गवई सरन्यायाधीश झाले आणि पुन्हा तेच घडले. दर्यापूर तालुक्यातील दारापूर हे मूळ गाव, फ्रेझरपुऱ्यातील नगरपालिकेची शाळा, वडील रा. सू. गवई यांचा वावर, यातील एखादा तरी दुवा प्रत्येकाकडे निघाला. कायद्याचा निकाल वाचणारे थोडे. ‘आमच्या अमरावतीचे’ म्हणणारे सारे.

अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७६ मध्ये याचाही अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. जिंकल्यावर ‘आपण जिंकलो’, हरल्यावर ‘ते हरले’, अशी भाषाही बदले. आपल्याकडे वेगळे काय आहे? गावातील कोणी घोटाळ्यात सापडला, की तो ‘मूळचा इकडचा नव्हेच’, असे सांगणारेही याच टपरीवर भेटतात.

या स्वभावाला नावे ठेवून भागणार नाही. त्याचा उपयोगही आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिवारफेरीच्या निमित्ताने शेतकरी उभे पीक पाहायला येतात. हेक्टरी उत्पादनाचा आकडा फलकावर असतो, शास्त्रज्ञ माहिती देत असतात. शेतकऱ्याचा प्रश्न मात्र ठरलेला असतो: ‘हे कोनाच्या वावरात लागलं?’ ज्याला आपण ओळखतो, ज्याची जमीन आपल्यासारखी आहे, त्याने पेरले असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याच्या प्रसाराचा अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसले होते. बियाण्याची माहिती विक्रेत्याकडून मिळाली, पण मन वळवले ते शेजाऱ्याने.

गाडगेबाबांना हे कोणत्याही प्रयोगाशिवाय ठाऊक होते. शेंडगावच्या या संताचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरेच. हजारोंच्या गर्दीशी बोलतानाही ते असे विचारीत, की प्रत्येकाला वाटावे, हा प्रश्न आपल्यालाच आहे. अस्वच्छता, कर्ज, नवसाचा बळी यांवर आकडेवारीने लोक हलले असते असे वाटत नाही.

मात्र ज्याचा चेहरा आपण उचलून धरतो, त्याला त्याची किंमतही मोजावी लागते. पहिल्या उल्लेखाला पंधरा वर्षे उलटल्यावर, ९ ऑगस्ट २०२३ रोजी, अविश्वास ठरावाच्या चर्चेत गृहमंत्री अमित शहा यांनी कलावतींचे नाव घेतले. घर, वीज, गॅस मोदी सरकारने दिले, असा त्यांचा दावा होता. पुन्हा गाड्या जळक्याला गेल्या. मदत राहुल गांधींमुळे मिळाली, असे कलावतींनी माध्यमांना सांगितले आणि त्यावर पुन्हा चर्चा झडल्या. एका विधवेने संसार कसा ओढला, तिच्या शेतीचे काय झाले, यापेक्षा ती कोणाची साक्षीदार, हाच प्रश्न मोठा ठरला.

आमच्या कार्यालयात महिनाअखेरीस विभागाचा आकडा येतो. अलीकडे तो एखाद्या कुटुंबाच्या बातमीखाली जोडण्याऐवजी स्वतंत्र चौकटीत, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या आकड्याशेजारी द्यावा, असा आग्रह या बातमीदाराने धरला आहे. संपादकीय बैठकीत त्यावर दोन मते आहेत. चौकट कोणी वाचत नाही, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे आहे, आणि ते खोडून काढता आलेले नाही.