डिजिटल ध्वनिजोडणीतील परावर्तन व जिटर : तारपावादनाच्या जतनासंदर्भात

प्रस्तावना :
पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांतील वारली समाजजीवनात तारपा या वाद्यास महत्त्वाचे स्थान आहे. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या व ताडाची पाने यांपासून बनणारे हे सुषिर वाद्य श्वास न तोडता अखंड वाजविले जाते. त्यामुळे ध्वनिमुद्रणातील क्षणभराचा दोषही लपत नाही. डिजिटल फितीवरील असे वादन संगणकात घेताना जोडणीच्या केबलचे कार्य समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

परावर्तन :
एसपीडीआयएफ या मानकानुसार उपकरणे व समाक्ष केबल यांचा संरोध, म्हणजे इम्पिडन्स, ७५ ओहम असावा लागतो. संरोध जेथे बदलतो तेथून संकेताचा काही अंश मागे परततो. दोन्ही उपकरणे ७५ ओहमची व केबल ५० ओहमची असल्यास दूरच्या टोकाशी २० टक्के व्होल्टेज परावर्तित होते. उगमापाशी त्याचे पुन्हा २० टक्के परततात व मूळ संकेताच्या ४ टक्के इतका प्रतिध्वनी मागाहून पोहोचतो. दीड मीटर केबलमध्ये हा विलंब सुमारे १५ नॅनोसेकंद असतो. संकेताच्या चढ-उतारात प्रतिध्वनी मिसळला की त्याची वेळ किंचित पुढे-मागे सरकते. यालाच जिटर म्हणतात.

जिटरचा परिणाम :
सेकंदाला ४४,१०० नमुने घेतल्यास या जोडणीतील सर्वांत अरुंद स्पंद सुमारे १७७ नॅनोसेकंदांचा असतो. काही नॅनोसेकंदांच्या जिटरमुळे ० व १ यांच्या वाचनात सहसा चूक होत नाही. धारिकेत केवळ अंक साठत असल्याने केबलवरील जिटर तीत उतरत नाही. मात्र ध्वनीचे अंकांत किंवा अंकांचे ध्वनीत रूपांतर होताना वेळेची अचूकता निर्णायक ठरते. १६ बिटांच्या प्रणालीत २० किलोहर्ट्झच्या पूर्ण तीव्रतेच्या स्वरासाठी सुमारे १२० पिकोसेकंदांचे विचलन अर्ध्या पायरीइतकी चूक घडविते. मूळ मुद्रणाच्या वेळी झालेली अशी चूक कायम राहते.

सैल जोड अथवा सदोष केबलमुळे अंकच चुकीचे वाचले गेल्यास ध्वनीत खटका येतो. या जोडणीत चुकलेले अंक पुन्हा मागविण्याची सोय नसल्याने तो खटका प्रतीत राहून जातो.

निष्कर्ष :
जतनासाठी महागड्या केबलची आवश्यकता नाही. दूरचित्रवाणीसाठी वापरली जाणारी ७५ ओहमची केबल व घट्ट जोड पुरेसे आहेत. संगणकाने फीतयंत्राच्या क्लॉकनुसार चालावे. प्रत दोनदा घेऊन, आरंभबिंदू जुळवून, दोहोंतील अंक पडताळावेत. फरक आढळल्यास जोडणी तपासून पुन्हा प्रत घ्यावी. दिवंगत वादकाचे वादन नव्याने मुद्रित करता येत नाही. म्हणून ही पडताळणी मूळ फीत सुस्थितीत असतानाच होणे अगत्याचे आहे.