वर बादली आहे

इंग्रजी शिकायला बसलेलं पोर पहिल्या आठवड्यातच तीन शब्द उचलतं: 'आय डोन्ट नो'. कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, एक टीव्ही स्टुडिओ होता. तिथे कॅमेऱ्यासमोर हे तीन शब्द कुणाच्या तोंडून निसटले, की त्याच्या डोक्यावर वरून हिरवागार, बुळबुळीत लगदा पडायचा. केसांवरून कपाळावर, कपाळावरून नाकावर, मग हनुवटीवरून सावकाश ओघळत कपड्यांत. कोण ओततंय ते कधी दिसत नसे आणि कुणी विचारतही नसे. आभाळ भरून आलं की पाऊस पडतो, तसं 'माहीत नाही' म्हटलं की हे पडतं, एवढंच. 'वॉटर' हा शब्द उच्चारला तर बादलीभर पाणी.

कार्यक्रमाचं नाव 'यू कान्ट डू दॅट ऑन टेलिव्हिजन'. म्हणजे आपल्या भाषेत 'असलं टीव्हीवर चालत नाही हं'. ३ फेब्रुवारी १९७९ रोजी सीजेओएच या ओटावातल्या वाहिनीवर तो सुरू झाला, शनिवारी सकाळी, थेट प्रक्षेपण, प्रेक्षक शहरातलीच पोरं. १९९० साली थांबला. मी तो पाहिला फार उशिरा, जुन्या खरखरीत ध्वनिचित्रफितींवर, आणि दोन-चार भागांनंतर एक गंमत लक्षात आली. मला विनोद आधीच कळत होता. पोराला प्रश्न विचारला जातोय, ते अडखळतंय, उत्तर सुचत नाहीये, आणि मी खुर्चीत पुढे सरकून मनातल्या मनात ओरडतोय: नको, नको, म्हणू नकोस! ते म्हणायचंच. आणि मी हसायचोच.

विनोदाचा प्राण म्हणे अनपेक्षितात असतो. मग पन्नासाव्यांदा पडणाऱ्या त्याच लगद्यावर माणूस का हसतो?

आपल्याकडे याचं उत्तर कीर्तनाला जाणाऱ्यांना ठाऊक आहे. आख्यान सगळ्यांना पाठ असतं. बुवा आज तिथपर्यंत कुठल्या वाटेने पोचतात, ते बघायला लोक बसतात. तमाशातल्या गवळणीत मावशी येणार, मुरका मारणार, कृष्ण गवळणींची वाट अडवणार, हेही ठरलेलं. मावशीच्या पावलाची चाहूल लागताच अर्धा तंबू हसायला लागतो, तिने तोंड उघडण्याच्या आत. ओटावाच्या लेखकांपुढे तेच काम होतं. मुक्काम पक्का, रस्ता दर वेळी नवा. 'आय डोन्ट नो' हे शब्द साऱ्या पोरांना ठाऊक, त्यांचा परिणामही ठाऊक, म्हणून ती शब्द टाळणार. तरीही ते त्यांच्या तोंडून निघाले पाहिजेत, आणि जबरदस्तीने काढल्यासारखे वाटता कामा नयेत. मग कुणी अवघड गणित घालतं. कुणी 'आज हिरवं कुणावर पडणार?' असं भोळेपणाने विचारतं. कुणी ऐटीत समजावून सांगायला निघतं, की फक्त अमुक तीन शब्द तेवढे म्हणायचे नाहीत, आणि समजावताना ते शब्द स्वतःच म्हणून बसतं.

हा लगदा आला कुठून, त्याची हकिकत दिग्दर्शक जेफ्री डार्बी यांनी पुढे सांगितली. सुरुवातीच्या एका प्रसंगात तळघरातल्या कोठडीत साखळदंडाने बांधलेल्या मुलाच्या अंगावर खरकटं ओतायचं होतं. वाहिनीच्या कॅन्टीनमधलं उरलंसुरलं अन्न पाणी घालून बादलीत भरून ठेवलं. काही कारणाने चित्रण आठवडाभर लांबलं. बादली उघडली तर वर हिरव्या बुरशीचा जाडजूड थर! दुसरं काही हाताशी नव्हतं. डार्बी म्हणाले, ओता तेच. ओतलं. कार्यक्रमाचे जनक रॉजर प्राइस यांना ते अजिबात रुचलं नव्हतं म्हणतात. पण पाहणाऱ्या पोरांनी ते असं काही डोक्यावर घेतलं की या हिरव्या प्रकरणावर एक आख्खा भाग लिहिण्याची पाळी आली. मग अर्थातच कृती सुधारली: हिरवं जिलेटिन, ओटचं पीठ, पाणी, आणि पुढे केसांतून सहज निघावं म्हणून लहान बाळांचा शाम्पू. शाम्पूचा तो तपशील मला फार आवडतो. कुणीतरी आंघोळीचा विचार केला होता.

प्राइस मूळचे इंग्लंडचे. १९७३ साली तिथे त्यांनी 'द टुमॉरो पीपल' ही मुलांची विज्ञानमालिका केली होती. ते आणि डार्बी यांच्या या खटाटोपाला पूर्वज होते, ते लपवलेलेही नव्हते. अमेरिकेत १९६८ ते १९७३ या काळात 'लाफ-इन' नावाचा कार्यक्रम गाजला. त्यात 'सॉक इट टू मी' म्हटलं की अंगावर पाणी पडायचं, आणि एका रंगीत भिंतीतल्या खिडक्या धडाधड उघडून माणसं विनोद सांगून आत गडप व्हायची. ओटावात त्या खिडक्यांच्या जागी शाळेतली कपाटं आली. मुलांची डोकी एकेका लोखंडी दारातून बाहेर, एक कोडं, एक उत्तर, दार बंद. सुरुवातीच्या चलच्चित्रात मुलं कारखान्यातल्या सॉसेजसारखी यंत्रातून बाहेर पडतात आणि शाळेच्या बसमधून स्टुडिओत रवाना होतात. ती कापाकापी थेट 'मॉन्टी पायथन'च्या टेरी गिलियमच्या वळणाची. संगीत मात्र रोसिनीच्या 'विल्यम टेल'चं, तेही ट्रम्पेट-बँजोच्या जाझ बँडच्या ठेक्यावर. उसनं आणलेलं सामान होतं, पण मांडणी मुलांच्या उंचीवर होती.

त्या उंचीवरून काय दिसतं, ते बघा.

मुलं कार्यक्रमात बहुधा आपापल्या नावानेच वावरतात. सूत्रसंचालन करणारी क्रिस्टिन मॅकग्लेड ही क्रिस्टिनच. अखंड बडबडणारी लिसा रडी ही लिसाच. ही ओटावातलीच पोरं, हौशी, मुरलेले नट कुणी नाहीत. मुखवटे आहेत ते मोठ्या माणसांना. वर्गावर शिक्षा ठोकणारा मास्तर, कोठडीचा पहारेकरी, व्हिडिओ गेमच्या दुकानात पोरांचे पैसे उकळणारा मालक, घरातला आळशी बाप, स्टुडिओतला कावलेला निर्माता, गोळीबार पथकाचा अधिकारी, बर्गरवाला. आणि ही सगळी सोंगं एकाच माणसाची: लेस लाय. १९२४ साली जन्मलेले, ओटावाच्या रेडिओ-टीव्हीवरचे जुनेजाणते कलाकार. आईची आणि बाकीच्या बायकांची कामं १९८२ पासून ॲबी हॅगयार्ड यांच्याकडे.

एकच नट सगळ्यांची कामं करतो, याचं पहिलं कारण पैसा असणार, उघड आहे. छोट्या वाहिनीला डझनभर नट कुठून परवडणार? पण पडद्यावर त्याचा अर्थ भलताच निघतो. तेरा वर्षांच्या पोराला मास्तर, बाप, दुकानदार आणि तुरुंगाधिकारी यांचा चेहरा एकच दिसतो. शाळेतून सुटलास तरी घरी तोच, घरातून पळालास तर दुकानात तोच. मिशी तेवढी बदलते. एवढं नेमकं विधान कुणी ठरवून केलं असतं तर ते इतकं सहज उतरलं नसतं, असं मला वाटतं.

त्या सोंगांतला माझा लाडका बर्गरवाला बार्थ. मळका बनियन, पोट सुटलेलं, स्वयंपाकघर गलिच्छ. मुलं टेबलाशी बसून घास घेतात आणि आपसात कुजबुजतात, यात काय घातलं असेल रे? त्याच क्षणी मागून आवाज: ऐकलं मी ते! हा त्याचा ठेवणीतला उद्गार. मग तो येऊन आत काय घातलंय ते मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि पोरं गळा धरून कोलमडतात. दर खेपेला हाच शेवट. तरीही पुढच्या भागात तीच पोरं, तेच टेबल. तू तिथे पुन्हा जातोसच कशाला, असा प्रश्न पडला तर आपल्या शाळेजवळच्या वडापावच्या गाडीवरचं तेल आठवावं.

गोळीबार पथकाच्या प्रसंगाची घडणही ठरलेली. खांबाला बांधलेलं पोर, समोर बंदुका, आणि तलवार उपसलेला एल कॅपितानो. रेडी, एम... आणि पोर ओरडतं, थांबवा! मग ते काहीतरी शंका काढतं, कॅप्टनला बोलण्यात गुंतवतं, आणि होता होता भलत्याच जागी उभ्या असलेल्या कॅप्टनच्या स्वतःच्याच तोंडून 'फायर' निघतं. कोसळता कोसळता तो कौतुकानेच म्हणतो की हे पोरगं भलतंच बेरकी आहे. लॅटिन अमेरिकी अधिकाऱ्याचं ते ढोबळ व्यंगचित्र आज बघताना जरा खटकतं, हे खरं. पण यंत्रणा बघा. हिरव्या लगद्यात मूल शब्दाने अडकतं. इथे मोठा माणूस शब्दाने मरतो. दोन्हीकडे शस्त्र एकच, तोंडून निघालेला शब्द.

नावांतही चावटपणा भरलेला. निर्मात्याचं नाव रॉस युइच. भरभर म्हणून पाहा: 'रॉ स्यूएज', म्हणजे गटारातलं पाणी. मोठ्यांना कळायच्या आत पोरांना कळावा, असा बेत. प्रत्येक भागाच्या आरंभी एक पाटी यायची, की अमुक कार्यक्रम आज दाखवला जाणार नाही, त्याऐवजी हा भिकार प्रकार पाहा. तो अमुक कार्यक्रम म्हणजे एखाद्या नामांकित मालिकेच्या नावाची मोडतोड. अमेरिकी वाहिन्या नेहमीचा कार्यक्रम रद्द करताना गंभीर आवाजात जी सूचना देत, तिची ही नक्कल. मधेच केव्हातरी पडदा उलटापालटा व्हायचा आणि 'उलटं जग' सुरू व्हायचं: आईबाप पोरांना अभ्यास करू नका म्हणून रागावतायत, गोड खाल्लं नाही म्हणून बोलणी बसतायत. गंमत अशी की उलट्या जगातही पोरं सुखी नसतात. हुकूम कसलाही असो, पाळावा लागतोच.

१ एप्रिल १९७९ रोजी अमेरिकेत निकलोडियन ही मुलांची वाहिनी सुरू झाली होती. १९८१मध्ये तिने ओटावाचा हा माल घेऊन पाहिला आणि लवकरच तिथला सर्वांत जास्त पाहिला जाणारा कार्यक्रम हाच ठरला. सगळंच मात्र पचलं नाही. प्रत्येक भागाला एक विषय असे, आणि १९८४ साली 'दत्तक' या विषयावरचा भाग निघाला. त्यात दत्तक पोरांना घरकामाला जुंपण्याचे विनोद होते. निकलोडियनने तो पुढे दाखवणं बंद केलं. मला तो निर्णय समजतो. बादली सगळ्यांवर सारखी पडते, श्रीमंत-गरीब, मुलगा-मुलगी, शहाणं-मठ्ठ. तिच्यात कुणाला एकटं पाडणं नाही. दत्तक मुलावरचा विनोद वर्गातल्या एकाच पोराच्या डोक्यावर पडतो आणि बाकीची कोरडी राहून त्याच्याकडे बघतात.

डार्बी पुढे निकलोडियनकडे गेले, आणि १९८६ साली सुरू झालेल्या 'डबल डेअर' या खेळाच्या निर्मात्यांत त्यांचं नाव आहे. त्यातही हिरवं पडत राहिलं. १९९०मध्ये फ्लोरिडातल्या ऑरलँडोत वाहिनीचा स्टुडिओ उघडला, तेव्हा दारात हिरव्या लगद्याचा उसळता फवारा होता. मग मुलांच्या पुरस्कार सोहळ्यांत सिनेनट, गायक, खेळाडू आनंदाने भिजू लागले. निकलोडियनमागोमाग ते हिरवं आपल्याकडच्या पडद्यांवरही आलं. आज कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात जी 'स्लाइम'ची डबी मिळते आणि मग सोफ्याला चिकटते, तिच्या वंशावळीत हॉलिवूडची भुतंखेतं आहेत, खेळणी बनवणाऱ्या कंपन्या आहेत, आणि कॅन्टीनच्या खरकट्याची ती विसरलेली बादलीही आहे.

फरक इतकाच पडला, की सोहळ्यातल्या ताऱ्यांवर तो लगदा मान म्हणून पडतो. ओटावात तो एका वाक्याबद्दल पडायचा, आणि ते वाक्यही कुठलं! वय वर्षं तेरा ते सतरा यांत माणूस सर्वांत जास्त वेळा जे बोलतो ते. उशीर का झाला? माहीत नाही. मार्क का कमी पडले? माहीत नाही. पुढे काय करायचं ठरवलंयस? माहीत नाही. त्या वयात हे उत्तर बहुतेक वेळा खरंही असतं. विचारणारे ते खरं मानत नाहीत, एवढंच.

१९८६ साली या पोरांत अलानिस नावाची ओटावाचीच एक लहान मुलगी मोजक्या भागांपुरती येऊन गेली. आडनाव मॉरिसेट. तिच्यावरही हिरवं पडलं. नऊ वर्षांनी, १९९५मध्ये, तिचा 'जॅगेड लिटल पिल' हा गाण्यांचा संग्रह जगभर वाजू लागला. त्याच १९८६ साली क्रिस्टिन मॅकग्लेडने कार्यक्रम सोडला. पहिल्या भागात ती शाळकरी पोर होती, सोडताना वय तेवीस. पोरं अशी मोठी होऊन निघून जायची आणि त्यांच्या जागी नवी यायची, स्वतःची नावं घेऊन. बार्थ, कॅप्टन आणि मास्तर जिथल्या तिथे. लेस लाय अखेरपर्यंत त्या स्वयंपाकघरात तोच मळका बनियन घालून उभे होते, आणि टेबलाशी बसलेलं नवं पोर पहिल्यांदाच कुजबुजत होतं, की यात काय घातलं असेल रे.