ब्रह्मदेशांतील संशोधन-मंडळ व लष्करी सत्ता

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यामुळें ब्रह्मदेशाचा इतिहास आमच्या वाचकांस अगदींच परका नाहीं. पदच्युत थिबा राजा ज्या वर्षीं या वाड्यांत राहावयास आला, त्याच १९१० सालीं रंगून येथें फर्निव्हल प्रभृति विद्वानांनीं ब्रह्मदेश संशोधन मंडळ स्थापिलें. पुढील वर्षापासून त्याचें नियतकालिकही निघूं लागलें. शिलालेख, ताडपत्रांवरील पोथ्या व राजवंशांच्या बखरी ताडून पाहणें हा त्याचा उद्योग. परकी अमलाखालीं वाढलेलें हें मंडळ स्वकीयांच्या राज्यांत, १९८० सालीं, मोडलें गेलें हें विशेष होय.

२ मार्च १९६२ रोजीं सेनापति ने विन यांनीं सत्ता बळकावली व त्याच वर्षीं छापखाने आणि प्रकाशक सरकारी नोंदणीखालीं आणले. १९६४ त लंडनहून ब्रह्मी राजचिन्हें सन्मानानें परत आलीं. त्याच वर्षीं पगानच्या शिलालेखांवर हयात घालविणारे प्रा. ल्यूस यांस देश सोडावा लागला. त्यांचा पगानविषयक त्रिखंडात्मक ग्रंथ पुढें न्यूयॉर्कांत निघाला, व त्यांचीं टिपणें आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत पाहावीं लागतात. डॉ. थान टुन यांनीं संपादिलेले ब्रह्मी राजांचे हुकूमही, दहा खंडांत, जपानांतील क्योटो येथून १९८३ ते १९९० या काळांत प्रसिद्ध झाले.

लष्करास इतिहास नकोसा होता असें मात्र म्हणतां येत नाहीं. अनोरथ, बयिन्नौंग व अलौंगपया या तीन विजेत्या राजांचे प्रचंड पुतळे त्यानेंच नेप्यिडॉ या नव्या राजधानींत उभे केले. आमच्या मतें अडचण आहे ती मूळ साधनांची. पगानचा बाराव्या शतकांतील म्याझेदी शिलालेख पाली, प्यू, मोन व ब्रह्मी अशा चार भाषांत आहे. एकाच वंशाची विजयगाथा रचूं पाहणारास असा दगड सोयीचा नसतो. पुतळा उलट बोलत नाहीं!

पेगू येथें बयिन्नौंगच्या सोळाव्या शतकांतील वाड्याची जागा १९९० नंतर खणण्यांत आली आणि तीवर नवा वाडा झपाट्यानें उठविला गेला. मूळ इमारतीचा वरचा भाग कसा होता हें दाखविणारें कांहींच जमिनींत उरलें नव्हतें. त्यामुळें शिखरें व सोनेरी दालनें यांस आम्ही पुरावा मानीत नाहीं. खोदकामांत सांपडले ते सागवानी खांबांचे बुंधे. त्यांपैकीं पुष्कळांवर मोन भाषेंतील लेख असून, तो खांब कोणत्या गांवानें पुरविला हें त्यांत कोरलेलें आहे. अभ्यासकानें तेथें गेल्यास आधीं ते बुंधे वाचावे.