टिंबांची वही

सकाळी पावणेनऊला सीमारेषेबाहेर माझं टेबल लागतं. प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या, वाऱ्याने पान उडू नये म्हणून दोन क्लिपा, टोक केलेल्या चार पेन्सिली, खोडरबर आणि स्कोअरबुक. थोड्या वेळाने समोरच्या संघाचा स्कोअरर येतो, नमस्कार करतो आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतो. मैदानावर दोन संघ दिवसभर एकमेकांविरुद्ध झुंजतात. आम्ही दोघे मात्र एकमेकांच्या वहीत डोकावत, एकाच डब्यातले पोहे खात दिवस काढतो. क्रिकेटच्या नियमावलीतला तिसरा नियम आमच्यासाठीच आहे. स्कोअरर दोन असावेत, त्यांनी आपल्या नोंदी वरचेवर ताडून पाहाव्यात आणि पंचांनी केलेली प्रत्येक खूण आपण पाहिली, अशी पोच द्यावी. पंच चौकाराचा हात फिरवतात, मी टेबलावरून हात वर करतो. माझा हात दिसल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही.

गेला हंगामभर मी १६ वर्षांखालच्या मुलांच्या आमच्या संघाची वही लिहिली. मुलं पनवेलची आणि आसपासची. कुणी खांदा कॉलनीतल्या इमारतीतला, कुणी कळंबोलीचा, कुणी करंजाड्याचा, तर कुणी कर्नाळ्याच्या पायथ्याच्या गावातला. दिवाळीनंतर सुरू झालेला हंगाम एप्रिलमध्ये संपला. या मुलांकडून मी जे शिकलो, ते सगळं एका टिंबाभोवती आहे. चेंडू पडला आणि धाव निघाली नाही की आम्ही वहीत टिंब देतो.

टिंबापर्यंत येण्याआधी पनवेलची जागा सांगायला हवी. पनवेल स्टेशनात हार्बरची लोकल मुंबईकडे तोंड करून उभी असते. त्याच मार्गावर नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम आहे, आणि शेवटच्या स्टेशनाबाहेर काही मिनिटांवर आझाद मैदान. किट बॅग पाठीला लावलेली मुलं त्या गाडीत रोज दिसतात. पण क्रिकेटच्या नकाशात रायगड जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला जोडलेला आहे आणि तिचं घर पुण्याजवळ गहुंज्याला. आपल्या एका राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ रणजी करंडक खेळतात. त्यामुळे लोकल खाडीकडे जात असली, तरी आमच्या मुलांचं नशीब बोरघाट चढून जातं. तिकडे कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, सातारा अशा जिल्ह्यांची आणि पुण्याच्या क्लबांची मुलं उभी असतात.

दुसरी गोष्ट इथल्या शेताची. रायगडात पाऊस जून ते सप्टेंबर मैदान सोडत नाही. भातकापणी झाली, खाचरं वाळली की गावोगावी शेतातच खेळपट्टी तयार होते. पाणी मारायचं, चोपणं घ्यायचं, कडेने चुन्याची रेघ ओढायची. पनवेल, उरण, पेण या पट्ट्यात टेनिस चेंडूचं क्रिकेट हे गावाचं क्रिकेट आहे. रात्री झोतदिव्यांत सामने होतात, समालोचक माईकवरून गावाचं, आळीचं नाव घेतो, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण चालू असतं आणि मालिकावीराला मोटारसायकल मिळते. २०२४ साली ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये टेनिस चेंडूचीच दहा षटकांची लीग सुरू झाली, तेव्हा इथल्या कुणाला नवल वाटलं नाही. त्या खेळात डाव चार-सहा षटकांचा. तिथे टिंब म्हणजे नुकसान. एक चेंडू वाया गेला की पॅव्हेलियनमधून, म्हणजे ताडपत्रीच्या मांडवातून, ओरडा येतो.

आमच्या संघातला सलामीचा मुलगा याच खेळपट्टीवर वाढलेला. वडील टेम्पो चालवतात. गावच्या स्पर्धांत तो पहिल्या चेंडूपासून मारतो आणि लोक त्याला बघायला येतात. मनगटं अशी, की पायावरचा चेंडू नुसता वळवला तरी मांडवावर जातो. सीझन बॉलवर तो आला दोन वर्षांपूर्वी. टेनिसचा चेंडू हाताला लागला तर चटका बसतो, सीझन बॉल लागला तर बोट मोडतं. दीडशे ग्रॅमच्या वर वजन, कातडं आणि मधून शिवणीच्या सहा ओळी. टप्पा पडल्यावर शिवण जमिनीला लागली तर चेंडू कुणीकडे जाईल हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्याने पहिली सीझनची बॅट घेतली, तेव्हा घरी पंधरा दिवस जवसाचं तेल आणि लाकडी हातोडी असा कार्यक्रम चालला होता. नवी बॅट तशीच मैदानात नेली तर फुटते. तेल मुरवायचं, हातोडीने कडा आणि पाटा हळूहळू ठोकत न्यायचा, मग जुना चेंडू, मग नेट, मग सामना. ती रोजची टकटक ऐकून शेजारी विचारायचे, घरात सुतार बसवलाय का.

निवड चाचणीचा दिवस मला सगळ्यांत जड वाटतो. मुलांच्या पाठीवर कागदी क्रमांक लावलेले, प्रत्येकाच्या वाट्याला नेटमध्ये काही मिनिटं. आईबाप जाळीबाहेर जन्मदाखल्याच्या प्रती धरून उभे. या वयोगटात वयाचा प्रश्न कागदावर संपत नाही. पुढे राज्याच्या संघातून विजय मर्चंट करंडकापर्यंत जायचं, तर बीसीसीआय डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघते. टीडब्ल्यू ३ असं त्या पद्धतीचं नाव. दाखला खरा, पोरगाही खरा, पण अंगाने लवकर भरला असेल तर हाड पुढे निघून गेलेलं असतं. असा एक मुलगा त्या दिवशी कोपऱ्यात पॅड सोडत बसला होता. गोलंदाजी उत्तम. त्याच्या मनगटाने त्याला वरच्या गटात ढकललं होतं. मी त्याला पाणी दिलं. बोलण्यासारखं काही नव्हतं.

डिसेंबरमध्ये आम्ही घाट चढलो. पहाटे साडेचारला गाडी निघाली, मुलं झोपलेली. खंडाळ्याला चहासाठी थांबलो, तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. लोणावळ्यातून जाताना प्रशिक्षकांनी विकी ओस्तवालची आठवण काढली. लोणावळ्याचा हा डावखुरा फिरकीपटू २०२२ च्या १९ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पहिल्याच सामन्यात दक्षिण आफ्रिकेचे २८ धावांत ५ गडी त्याने घेतले आणि तो विश्वचषक भारताने जिंकला. त्याच संघात तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकरही होता. मुलं ऐकत होती. तुळजापूर आणि लोणावळा ही नावं त्यांना जवळची वाटतात, कारण ती मोठ्या शहराची नाहीत. पुढे द्रुतगती मार्गावरून गहुंज्याचं स्टेडियम दिसलं, तशी सगळी गाडी त्या बाजूच्या खिडक्यांशी गोळा झाली.

सामना मात्र त्या स्टेडियमवर नव्हता, एका क्लबच्या मैदानावर होता. आमची मुलं घामाच्या हवेत वाढलेली. तिथे गवतावर दव, बोटं आखडलेली आणि नवा चेंडू पहिला तासभर हवेतच वळणारा. आमचा सलामीवीर उतरला. पहिल्या आठ चेंडूंत त्याने तीन चौकार मारले. नवव्या चेंडूवर ऑफ स्टंपच्या बाहेर हात फेकले, कड लागली, गलीत झेल. ९ चेंडूंत १२ धावा. वहीत तीन चौके, पाच टिंबं आणि गडी बाद झाल्याची खूण. आम्ही जेवणाआधी सर्वबाद झालो.

त्या संध्याकाळी प्रशिक्षक माझ्या टेबलाशी आले. त्यांनी त्या मुलाला बोलावलं, वही त्याच्यापुढे ठेवली आणि विचारलं, ‘‘ही पाच टिंबं आहेत. यातले किती चेंडू तू सोडलेस?’’

‘‘एकपण नाही, सर.’’

पाचही चेंडूंवर त्याने बॅट फिरवली होती. चार हुकले होते, एक क्षेत्ररक्षकाकडे गेला होता. मग सर मला म्हणाले, ‘‘काका, यापुढे याने जो चेंडू बघून सोडला, त्या टिंबाखाली बारीक रेघ मारा.’’

नियमाच्या वहीत अशी खूण नाही. मी ती पेन्सिलीने करू लागलो आणि तेव्हापासून माझं बघणंही बदललं. आधी माझी नजर चेंडू बॅटला लागल्यावर जागी व्हायची. आता ती गोलंदाजाच्या हातापासून सुरू होऊ लागली. चेंडू सोडणं ही एक कृती आहे, हे मला वयाच्या साठीत कळलं. फलंदाज पुढचा पाय ऑफ स्टंपच्या रेषेत आणतो, म्हणजे डोळ्यांखाली स्टंप कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं. मग हात वर घेतो, बॅट खांद्यामागे नेतो आणि चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात पडेपर्यंत त्याच्यावरून नजर काढत नाही. घाबरून सोडलेला चेंडू वेगळा दिसतो. तिथे पाय हलत नाही आणि मान आधीच फिरलेली असते. तशा टिंबाखाली मी रेघ मारत नसे. नेटमध्ये सर त्याला रोज अर्धा तास नुसतं सोडायला लावायचे. ऑफ स्टंपच्या वर दोरी बांधलेली. दोरीबाहेरच्या चेंडूला बॅट लागली की मैदानाला एक फेरी. पहिल्या आठवड्यात पोराने मैदान किती वेळा मोजलं, याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

जानेवारीत त्याच्या पानावर रेघा दिसू लागल्या. एका डावात चार, पुढच्यात अकरा. धावा फारशा वाढल्या नव्हत्या. शनिवार-रविवारी गावात स्पर्धा असली की तो तिकडे खेळायचा आणि सोमवारी पुन्हा बॅट फेकत यायचा. सरांनी त्याला गावचं खेळणं बंद करायला सांगितलं नाही. ती मनगटं तिथूनच आली होती.

वहीबद्दल एक सांगतो. वही दोन बाजूंनी जुळावी लागते. फलंदाजांच्या धावा आणि सगळ्या अवांतर मिळून एकूण धावसंख्या. उलट बाजूने गोलंदाजांनी दिलेल्या धावा, त्यात बाय आणि लेगबाय मिळवले की तीच संख्या. वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या खात्यावर चढतात, बाय चढत नाहीत. फेब्रुवारीत एका सामन्यात आमच्या दोघांच्या वह्यांत एका धावेचा फरक आला. चहाच्या वेळेत आम्ही षटक न षटक मागे गेलो. सदतिसाव्या षटकात मी लेगबायची खूण पाहून एक धाव फलंदाजालाही देऊन ठेवली होती. मी ती खोडली. दोन दिवसांच्या सामन्यात दोन्ही डाव संपले नाहीत, तर पहिल्या डावाच्या आघाडीवर सगळं ठरतं. त्या एका धावेवर अकरा मुलांचा निकाल फिरला असता.

वही कुठे थांबली, यालाही महत्त्व असतं. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राचा भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होता. संघाच्या ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर उभा. उपाहाराला काठियावाडने सामना सोडला आणि वही तिथेच बंद झाली. त्या दिवशीच्या स्कोअररची पेन्सिल पुढच्या चौकटीवर कशी थबकली असेल, हे मी अनेकदा मनात पाहिलं आहे.

आमचा शेवटचा सामना पनवेलमध्ये, एप्रिलच्या उन्हात झाला. मॅटवरचा सामना. सकाळी आठलाच मुलांनी मॅट ताणून खिळे ठोकले, कारण सैल मॅटवर चेंडू कसाही उठतो. समोरच्या संघाने २२१ केल्या. दुसऱ्या दिवशी आमचे दोघे सलामीला गेले. त्यांचा वेगवान गोलंदाज उंच, चेंडू बाहेर काढणारा. पहिलं षटक निर्धाव. सहा टिंबं जोडून मी इंग्रजी एम काढला आणि त्यातल्या चार टिंबांखाली रेघ मारली. दुसऱ्या षटकात दोन रेघा. पाचव्या षटकात गोलंदाज वैतागून पायावर टाकू लागला, आणि तेव्हा ती मनगटं फिरली. चौकार. पुढच्या चेंडूला बॅट पुन्हा खांद्यामागे.

तो दुपारी पायचीत झाला. ११८ चेंडू, ३४ धावा. ९८ टिंबं, त्यांतली ४३ रेघांची. चेंडूचं कातडं तोवर मॅटने खरवडून पांढरं पडलं होतं, उंच गोलंदाजाचे पाय जड झाले होते. पाचव्या क्रमांकाच्या मुलाने त्या जुन्या चेंडूवर ७० केल्या. आम्ही २३२ पर्यंत गेलो आणि ११ धावांची आघाडी मिळाली. गटागटांत संदेश फिरले, त्यात सत्तर करणाऱ्याचं नाव होतं.

संध्याकाळी मी वही बंद करत होतो, तेव्हा त्याचे वडील टेबलाशी आले. खेप उरकून टेम्पो रस्त्याच्या कडेला लावून आलेले, खाकी शर्ट पाठीला चिकटलेला. म्हणाले, ‘‘काका, पोराचं पान दाखवता का?’’

मी उघडून दिलं. त्यांनी बोट ठेवून ओळ वाचली. एक, टिंब, टिंब, टिंब, चार, टिंब. बोट पुढे पुढे गेलं आणि थांबलं.

‘‘एवढी सगळी टिंबं. म्हणजे एवढा वेळ काही केलंच नाही त्यानं?’’

मी त्यांना रेघा दाखवल्या. हा चेंडू बाद करायला आला होता, हाही, आणि हाही. त्याने ओळखला आणि जाऊ दिला. तो थांबला म्हणून चेंडू जुना झाला. चेंडू जुना झाला म्हणून मागच्यांना मारता आलं.

ते बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे वेटिंग. माल उतरेपर्यंत गाडी उभी असते ना, त्याचं भाडं वेगळं लावतो आम्ही. थांबल्याचंही भाडं असतं.’’

मैदानावर मुलं मॅटचे खिळे उपटत होती. सलामीचा पोरगा एका टोकाला वाकून मॅट गुंडाळत होता, दुसरा समोरून ती सरळ धरत होता. वडिलांनी खिशातून मोबाइल काढला, पान सरळ केलं, कोपरा अंगठ्याने दाबून धरला आणि त्या ९८ टिंबांचा फोटो काढला.