जिंकले कोण, अक्कल की यंत्र?

डिसेंबर 2017 मध्ये बातमी आली आणि बुद्धिबळाच्या इंजिनांची दुनिया हादरली. गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरो या इंजिनाने स्टॉकफिश या इंजिनाविरुद्धच्या शंभर डावांपैकी 28 जिंकले, 72 बरोबरीत सोडवले, एकही गमावला नाही. लगेच ओरड झाली: अल्फाझीरो गूगलच्या चार खास टीपीयू चिपांवर खेळला, स्टॉकफिश साध्या प्रोसेसरवर, तेही हॅशसाठी जेमतेम एक गिगाबाइट स्मृती देऊन. मग जिंकले कोण?

ओरड रास्त होती, आणि अडचण जुनीच. इंजिनांची क्रमवारी लावणारे हौशी लोक जगभर विखुरलेले, प्रत्येकाचा संगणक निराळा. सीसीआरएल या क्रमवारीच्या मंडळींनी त्यावर तोड काढली होती: एक ठरावीक इंजिन चालवून आपल्या यंत्राचा वेग मोजायचा आणि वेगवान यंत्रावर घड्याळात तितका वेळ कमी लावायचा. 2.4 गिगाहर्ट्‌झचा एक अ‍ॅथलॉन प्रोसेसर बरीच वर्षे मापाचा दगड होता. त्यामुळे न्यूझीलंडात रोटोटुनातल्या घरचा जुना संगणक आणि पुण्यातला नवाकोरा, दोन्हींचे निकाल एका यादीत बसू शकत.

पण हा तराजू एकाच जातीच्या यंत्रांसाठी होता. 2018 मध्ये अल्फाझीरोच्या वाटेने निघालेली लीला आली; स्थिती जोखणारे तिचे न्यूरल जाळे ग्राफिक्स कार्डावर धावणारे. कार्ड काढले की बिचारी रांगायची. कार्डासह मात्र तिने 2019 मध्ये टीसेक या इंजिनांच्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत स्टॉकफिशला 53.5–46.5 असे नमवले. कार्डाचा एक सेकंद म्हणजे प्रोसेसरचे किती सेकंद? वाद पुष्कळ झाले. सर्वांना पटेल असा आकडा काही निघाला नाही.

उत्तर आले ते तराजू सुधारून नव्हे. शोगी या जपानी बुद्धिबळाच्या जगात यू नासू या प्रोग्रामरने 2018 मध्येच एक साधी गोष्ट हेरली होती. एका चालीने पटावर बदलते ते किती? एक सोंगटी उठते, दुसरीकडे बसते, फार तर एखादी मारली जाते. मग न्यूरल जाळ्याची पहिली, सर्वांत रुंद पायरी प्रत्येक वेळी नव्याने का मोजायची? गेलेले वजा करा, आलेले मिळवा. बुद्धिबळासाठीच्या अशा जाळ्यात प्रत्येक बाजूच्या सुमारे 41 हजार निविष्टींपैकी एका वेळी फार तर तिसेकच जाग्या असतात. राजा हलला तर त्या बाजूचे गणित पुन्हा मांडावे लागते, इतकाच भुर्दंड. असे जाळे साध्या प्रोसेसरवर झपाट्याने चालते, कार्ड लागतच नाही.

हिसायोरी नोदाने ते स्टॉकफिशमध्ये आणले. सेकंदाला तपासल्या जाणाऱ्या स्थिती घटल्या. जुन्या समजुतीप्रमाणे हा तोटाच. फिशटेस्ट या स्टॉकफिशच्या चाचणी-मंचावर मात्र स्वयंसेवकांच्या घरोघरच्या संगणकांवर नवी आणि जुनी आवृत्ती एकाच प्रोसेसरवर समोरासमोर बसत होत्या, म्हणजे यंत्राची सबब कुणालाच नाही. नवी जिंकत सुटली. 6 ऑगस्ट 2020 ला बदल मूळ प्रणालीत सामावला, 2 सप्टेंबरला स्टॉकफिश 12 आले, आधीच्या आवृत्तीपेक्षा सुमारे 130 एलो गुणांनी बलवान.

पुढे स्टॉकफिशच्या जाळ्यांना शिकवायला लीलाच्या डावांची विदाही वापरली जाऊ लागली. ती तयार होते ग्राफिक्स कार्डांवर.